आकडे दिसले तरी चालतील, चावी देऊ नकोस

पत्र : मी जुळे सोलापूरला राहतो, बारावीत आहे, वय सतरा. व्हॅलोरंट खेळतो, अधूनमधून सीएस टू (काउंटर-स्ट्राइक २), दोन्ही पाच-पाच जणांच्या टीमचे गोळीबाराचे गेम. गड्ड्याच्या जत्रेनंतर एक लोकल टूर्नामेंट आहे, त्यासाठी आमची पाच जणांची टीम झाली आहे. परवा समोरच्या टीममधल्या एकानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या ट्रॅकर प्रोफाइलचा (खेळाडूंचे आकडे दाखवणाऱ्या साइटवरच्या पानाचा) स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलं, ‘का बे, रात्री दीडला रँक घालवतो अन् सकाळी क्लासला झोपतो व्हय?’ ग्रुपात आमच्या क्लासची पोरं आहेत, त्यामुळे ते सरांपर्यंत गेलं. आता आमचा कॅप्टन म्हणतो, सगळ्यांनी एक ओव्हरले (गेमच्या पडद्यावरच आकडे दाखवणारं) अ‍ॅप टाका आणि सीएससाठी तुमची एपीआय की मला पाठवा. तो सगळ्यांचे स्टॅट्स एका शीटमध्ये लावणार आणि ज्याचा केडी (किल भागिले मृत्यू) एकच्या खाली, त्याला बाहेर बसवणार. माझा ०.८८ आहे. मी कुणाला काही दिलं नव्हतं, मग हे सगळं दिसलं कसं? एकदा सात रस्त्याजवळच्या कॅफेत हेडशॉटचे टक्के बघायला साइन इन केलं होतं, तेवढंच. हे लपवता येतं का? अ‍ॅप टाकू का? घरचा पीसी पप्पांचा आहे, टॉवेलच्या धंद्याचं टॅली त्यावरच असतं.
— एक कंट्रोलर (टीममध्ये धूर टाकून समोरच्यांची नजर अडवणारा)

उत्तर :

एपीआय की, म्हणजे तुझ्या खात्यातली माहिती बाहेरच्या प्रोग्रामला मिळवून देणारी चावी, कुणालाही पाठवू नकोस. पत्रातलं बाकी सगळं निवांत सोडवता येईल, हे मात्र आजच कॅप्टनला सांग. त्याच्या मनात काळंबेरं असेल असं नाही. बहुधा त्यानं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे, आणि ही गल्लत फार जण करतात.

सीएस टूचे सामने एखाद्या विश्लेषण साइटला वाचू द्यायचे असतील तर स्टीमच्या (सीएस टू ज्यावरून चालतो ते गेमचं दुकान) मदत विभागात, त्या गेमच्या वैयक्तिक डेटाच्या पानावर, एक ऑथेंटिकेशन कोड तयार करता येतो. तो चार, पाच आणि चार अक्षरांच्या तीन तुकड्यांत असतो, मध्ये आडव्या रेघा. त्याच्या जोडीला ‘सीएसजीओ’नं सुरू होणारा एका सामन्याचा शेअर कोड लागतो. या दोघांनी होतं काय, तर तुझ्या सामन्यांची यादी मिळते. बस. स्टीमची वेब एपीआय की हे प्रकरणच निराळं. ती ३२ अक्षर-आकड्यांची सलग ओळ असते, मध्ये रेघ नाही, आणि ती ज्याच्या हातात त्याला तुझ्या खात्यावरच्या ट्रेड ऑफर (गेममधल्या वस्तूंच्या देवघेवीचे प्रस्ताव) दिसतात. स्किन (गेममधल्या हत्यारांचे विकले जाणारे रंग) चोरणारे तिचा वापर असा करतात : तू मित्राला गेममधला चाकू पाठवायला ऑफर तयार करतोस, त्यांची स्क्रिप्ट ती ओळखते, रद्द करते आणि मित्राचंच नाव-फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याकडे तशीच ऑफर काढते. मोबाइलवर मंजुरी मागणारा संदेश येतो, नाव ओळखीचं दिसतं, तू बोट दाबतोस. पुढे ‘मीच मंजूर केलं’ असं रेकॉर्डवर राहतं.

तेव्हा स्टीममध्ये लॉगिन असताना एपीआय की नोंदवायचं पान एकदा उघडून बघ. तिथे तू न बनवलेली की दिसली, तर तुझं लॉगिन आधीच कुणाकडे तरी आहे असं समज. अशा वेळी आधी पासवर्ड बदल, मग स्टीम गार्डमधून सगळी उपकरणं बाहेर काढ, मग ती की रद्द कर, आणि ट्रेडची लिंकही नवी बनव. नुसती की रद्द करून थांबलास तर आत बसलेला माणूस नवी बनवायचा प्रयत्न करणार.

आता तुझा मुख्य प्रश्न. दिसलं कसं?

व्हॅलोरंटच्या बाबतीत रायटचा, म्हणजे तो गेम बनवणाऱ्या कंपनीचा, नियम असा की बाहेरच्या साइटनं खेळाडूचे आकडे दाखवायचे तर त्या खेळाडूनं स्वतः रायटच्या खात्यानं साइन इन करून होकार दिलेला हवा. तोवर प्रोफाइल खासगी. म्हणजे तू ‘तेवढंच’ म्हणतोस ते कॅफेतलं साइन इनच हा होकार होता. हेडशॉटचे टक्के तुला दिसले, आणि त्याच क्षणी तुझा रायट आयडी ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकाला दिसायला लागले. त्या वेळी स्क्रीनवर परवानगीचं पान आलं असणार आणि तू ते न वाचता पुढे गेला असणार. सगळेच जातात. शिवाय काही अनधिकृत हत्यारं गेमच्या क्लायंटकडूनच माहिती काढून लपवलेली नावं आणि रँक उघड करतात. ती रायटच्या नियमांत बसत नाहीत आणि वापरणाऱ्याचं खातं त्यात धोक्यात येतं, पण ती आहेत. म्हणून प्रोफाइल खासगी केल्यावरही शंभर टक्के झाकलं गेलं असं धरून चालू नकोस.

त्या स्क्रीनशॉटमध्ये लोकांना केडी दिसला, पण तुला खरी लागली ती वेळ. एका सामन्याची ओळ घे. मॅप असेंट, एजंट (खेळातलं पात्र) ओमेन, निकाल १३-९, किल १४, मृत्यू १६, असिस्ट ८, एसीएस (फेरीमागे सरासरी गुण) १८७, हेडशॉट २२ टक्के. इथपर्यंत खेळ आहे. याच ओळीत पुढे सुरुवातीची वेळ १२:५२ आणि कालावधी ३८ मिनिटं. खालची ओळ १:३६ ची. अशा तीन आठवड्यांच्या ओळी सलग वाचल्या की हा मुलगा कधी झोपतो, कोणत्या वारी क्लासला नव्हता, प्रीलिमच्या आठवड्यात खेळला का, रोज रात्री त्याच्याबरोबर कोण असतं, हे खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही सांगता येतं. शेवटचं तर जास्तच, कारण सोबत्यांची नावंही त्याच पानावर असतात. आकडा खालीवर होत राहतो, पण वेळापत्रकावरून माणूस सापडतो. कुणी मागे लागलंच असेल तर त्याला तुझा पत्ता शोधायची गरज पडत नाही. तू कधी ऑनलाइन येणार ते त्याला ठाऊक असतं.

झाकायचं तर क्रम महत्त्वाचा आहे, आणि सगळं घरच्या मशीनवरून किंवा स्वतःच्या फोनवरून करायचं, कॅफेतून नाही. पहिल्यांदा ईमेल. कॅफेच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडं राहिलं असेल तर बाकी सगळी कुलपं व्यर्थ, कारण रायटचा पासवर्ड बदलायची लिंक त्याच ईमेलवर येते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात तुझी उपकरणं दिसतात. अनोळखी दिसेल ते बाहेर काढ, पासवर्ड बदल, टू-स्टेप चालू कर. त्यानंतर रायटच्या खात्याचं पान : पासवर्ड, टू-फॅक्टर, आणि सगळीकडून लॉगआउट. तिसऱ्यांदा त्या ट्रॅकर साइटवर स्वतः साइन इन करून तिच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल खासगी कर किंवा खातं काढून टाक. ही पायरी लोक गाळतात. पासवर्ड बदलला म्हणजे आधी दिलेला होकार आपोआप रद्द होतोच असं नाही. घराचं कुलूप बदललं तरी दूधवाल्याला दिलेला वेगळा दरवाजा उघडाच राहतो, तसं. काम झालं का हे तपासायला खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता, स्वतःचा रायट आयडी शोधून बघ.

नाव बदलून सुटका होईल असं वाटेल. होत नाही. रायटकडे तुझ्या खात्याला नावामागे एक लांबलचक कायमची ओळख असते आणि साइट नावाला नव्हे, त्या ओळखीला चिकटलेली असते. स्टीमवर तेच काम १७ आकडी स्टीमआयडी करतो. वर स्टीम तुझी आधीची नावंही प्रोफाइलवर दाखवतं. ती यादी पुसायची सोय नावाशेजारच्या बाणातच आहे.

डिस्कॉर्ड (गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं अ‍ॅप) विसरू नकोस. यूजर सेटिंग्जमध्ये कनेक्शन्सखाली रायट किंवा स्टीम जोडलं असेल तर ते प्रोफाइलवर दाखवणं बंद कर, ऑथराइज्ड अ‍ॅप्समध्ये ओळख न लागणारी नावं काढून टाक, आणि आपण आत्ता काय खेळतोय हे सगळ्यांना सांगणारा अ‍ॅक्टिव्हिटीचा स्विच बंद कर. ट्रॅकर निदान सामना झाल्यावर चुगली करतो, डिस्कॉर्ड चालू सामन्यात करतं.

व्हॅलोरंटच्या सेटिंग्जमध्ये, जनरलखाली, प्रायव्हसीच्या भागात पार्टीबाहेरच्यांपासून नाव लपवायचा पर्याय आहे. मग अनोळखी लोकांना तुझ्या जागी एजंटचं नाव दिसतं. चालू करून ठेव, पण याचा उपयोग रँक्डमधल्या परक्यांपुरताच. टूर्नामेंटमधल्या पोरांकडे तुझा आयडी आधीच आहे, त्यांच्यापुढे हा पडदा कामाचा नाही.

हे सगळं व्हॅलोरंटपुरतं. प्रत्येक गेमची रीत वेगळी असते आणि एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावला की फसायला होतं. लीग ऑफ लेजेंड्स त्याच कंपनीचा, पण तिथे सामन्यांचा इतिहास कुणाच्याही होकाराशिवाय खुला आहे. डोटा टूमध्ये गेमच्याच पर्यायांत सामन्यांचा डेटा बाहेर दाखवायचा की नाही याचा स्विच आहे. बंद केलास की डोटाबफसारख्या साइटवर तू ‘निनावी’ होतोस. ओव्हरवॉचनं २०१८ मध्ये करिअर प्रोफाइल खासगी करण्याची सोय दिली. बुद्धिबळात तर लपवायचा प्रश्नच नाही : चेस डॉट कॉम आणि लीचेस या दोन्हीकडचे डाव सार्वजनिकच असतात, आणि लीचेस दर महिन्याचे सगळे रेटेड डाव एका फाइलीत कुणालाही उतरवून घ्यायला ठेवतं. तुझ्या क्लासमधलं कुणी तिथे खेळत असेल तर त्याची ओपनिंगची आवड कुठलाही प्रतिस्पर्धी पाच मिनिटांत काढू शकतो. बुद्धिबळवाल्यांना त्यात वावगं वाटत नाही, छापील डावांची सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मात्र खऱ्या नावानं खातं काढायचं की टोपणनावानं, हे तिथे पहिल्याच दिवशी ठरवायला लागतं.

सीएस टूमध्ये मामला सगळ्यात अवघड. स्टीमच्या प्रोफाइलवर एडिट प्रोफाइल, मग प्रायव्हसी सेटिंग्ज, तिथे ‘गेम डिटेल्स’ फक्त मित्रांसाठी किंवा पूर्ण खासगी करता येतात, म्हणजे किती तास खेळलास ते झाकतं. एप्रिल २०१८ पासून स्टीमनं हे मुळातच खासगी ठेवायला सुरुवात केली. तुझं उघडं असेल तर ते तूच उघडलेलं, स्वतःहून किंवा कुठल्या तरी साइटच्या सांगण्यावरून. पण सामन्याची डेमो फाइल सर्व्हरवर तयार होते आणि तिच्यात दहाही खेळाडूंची प्रत्येक हालचाल असते. दहांपैकी एकानं जरी आपला कोड लीटिफायसारख्या साइटला दिला, तरी तो सामना, त्यातल्या तुझ्यासकट, तिथे पोचतो. तुझा होकार कुणी विचारत नाही. यावर तुझ्या बाजूनं करण्यासारखं एकच : त्या साइटवर स्वतः खातं उघडून तिथले प्रायव्हसीचे पर्याय वापरणं, नाहीतर काढून टाकायची विनंती पाठवणं.

ओव्हरले आणि पप्पांचा पीसी

त्या मशीनवर टाकू नकोस. ओव्हरले चोरच असतो म्हणून नव्हे. ओव्हरवुल्फसारख्या चौकटीतली बरीच अ‍ॅप्स गेम कंपनीच्या नियमांत राहून चालतात. पण ती विंडोज सुरू झालं की मागे चालू राहतात, स्क्रीनवर काय चाललंय त्यातलं बरंच त्यांना दिसू शकतं, आणि फुकट असल्यामुळे जाहिराती दाखवतात. ज्या पडद्यावर दुपारी जीएसटीचं रिटर्न भरलं जातं आणि बँकेचं पान उघडतं, तिथे असला पाहुणा का ठेवायचा? पीसी आठ जीबी रॅमचा असेल तर वर आणखी काहीशे एमबी जातात, आणि स्मोक पडल्यावर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) आपटतो तो यामुळेही. तसं पाहिलं तर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड स्वतःच मशीन चालू होतानाच विंडोजच्या गाभ्यात बसतं. चीट पकडायला ते लागतं, पण ते टॅलीच्या मशीनवर आहे हे पप्पांना माहीत असायला हवं. नसेल तर आजच सांग.

खेळायला त्या मशीनशिवाय इलाज नसेल तर निदान एवढं कर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथून दुसरा वापरकर्ता जोड, लोकल आणि स्टँडर्ड, अ‍ॅडमिन नाही. तुझा गेम त्या खात्यातून, पप्पांचं टॅली त्यांच्या खात्यातून, त्यांच्या खात्याला पासवर्ड. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुझ्याकडे नको. मग बरीच अ‍ॅप्स टाकताना पप्पांना बोलवावं लागेल, आणि ते ‘हे काय आहे?’ असं विचारतील. टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवायचा, लावून ठेवायचा नाही. खात्यांची वेगळी भिंत सगळं थांबवत नाही, व्हॅनगार्डसारखं गाभ्यातलं सॉफ्टवेअर तिच्या पलीकडेच असतं, पण साध्या अ‍ॅपला ती पुरेशी आडवी येते.

लॉगिनचं पान खरं की खोटं हे ओळखायला शीक, कारण टूर्नामेंटच्या काळात ‘टीम रजिस्टर करा’, ‘आमच्या टीमला व्होट करा’ अशा लिंकांचा पाऊस पडतो. पत्त्यात ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे आहे तेच खरं गाव. तिथे रायटगेम्स डॉट कॉम, स्टीमकम्युनिटी डॉट कॉम किंवा स्टीमपॉवर्ड डॉट कॉम हवं. ‘स्टीमकम्युनिटी-टूर्नामेंट’ वगैरे शेपूट आलं की ते दुसऱ्याचं घर. हल्ली एक नवी लबाडी आहे : पानाच्या आतच हुबेहूब ब्राउझरची खिडकी चित्रासारखी काढलेली असते, वर पत्ताही बरोबर लिहिलेला. तिला माउसनं धरून मूळ ब्राउझरच्या कडेबाहेर ओढायचा प्रयत्न कर. खरी खिडकी बाहेर येते, चित्र कडेला अडकतं. पासवर्ड मॅनेजर आपणहून पासवर्ड भरत नसेल तर तोही इशाराच.

घरात धाकटं कुणी आईच्या फोनवर बीजीएमआय (पबजी मोबाइलचीच भारतातली आवृत्ती) खेळत असेल तर ही ओळ त्याच्यासाठी. पबजीचा अधिकृत खुला एपीआय पीसी आणि कन्सोलसाठी आहे, मोबाइलसाठी नाही. तेव्हा ‘आयडी टाका, केडी बघा’ म्हणणारी एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची सुटी फाइल) किंवा साइट अधिकृत दारातून आलेली नसते. ती ओटीपी मागत असेल तर तिथेच थांबायचं. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर आणखी वाईट, कारण ती परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि त्याच फोनवर आईचं यूपीआय असतं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅक्सेस इथे जाऊन इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची आणि वापराची माहिती घेण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघून घ्या. अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान वेगळं असतं, तेही उघडा. गेमचे ग्राफिक्स बदलणाऱ्या जीएफएक्स टूलनं खातं बंद झालं तर दाद मागायला जागा नाही, ते नियमांतच मना आहे.

आता तो ०.८८

कॅप्टनशी यावर वाद घालायला तुझ्याकडे चांगला मुद्दा आहे, आणि तो भावनेचा नाही, गणिताचा आहे. दहा सामन्यांत साधारण दीडशे किल आणि दीडशे मृत्यू धर. एवढ्या कमी नोंदींत निव्वळ योगायोगानं केडी अकरा-बारा टक्के वरखाली होतो. म्हणजे ०.८८ आणि १.०० यांत खरा फरक आहे की नशिबाचा, हे दहा सामने सांगू शकत नाहीत. चाळीस सामने घेतले तर ही डुगडुग निम्म्यावर येते. त्याच्या शीटमध्ये सामन्यांची संख्या नावाचा रकाना आहे का, ते पहिल्यांदा विचार.

दुसरं म्हणजे तू कंट्रोलर. एसीएसमध्ये प्रत्येक डॅमेजला एक गुण, किलला समोरचे किती जिवंत आहेत त्यानुसार १५०, १३०, ११०, ९० किंवा ७०, एकाच फेरीत जास्त मारले तर वरचे गुण, आणि डॅमेज न करता केलेल्या मदतीला फक्त २५. म्हणजे फेरीच्या सुरुवातीलाच आत घुसणाऱ्या ड्युएलिस्टला पहिल्या किलचे सगळ्यात जास्त गुण मिळणार. त्याला आत जाता यावं म्हणून तू हेवनवर (मॅपवरच्या उंच जागेवर) टाकलेल्या धुराला शून्य. सगळ्यांना एका एसीएसवर तोलणारी टीम पाच ड्युएलिस्ट घेऊन उतरते आणि १३-४ नं हरते. हेडशॉटच्या टक्क्यांचंही तेच : जो ऑपरेटर किंवा ओडिन या बंदुका वापरतो त्याचे टक्के कमी दिसणारच, त्यावरून नेम वाईट असं ठरत नाही.

कॅप्टनला खरोखर टीम बसवायची असेल तर त्यानं रँक्डचे आकडे सोडून द्यावेत. एकाच पाच जणांचे दहा-बारा सराव सामने घ्या, प्रत्येक सामन्यानंतर गेममधल्या स्कोअरबोर्डचा एक स्क्रीनशॉट टीमच्या खासगी ग्रुपात. त्यातून प्रत्येकाची भूमिका, किती फेऱ्यांत किल, असिस्ट, जगणं किंवा बदला यांपैकी काही तरी केलं, पहिला मृत्यू किती वेळा झाला, बाँब लावून झाल्यावर किती फेऱ्या जिंकल्या, एवढं हातानं लिहिता येतं. फेऱ्यांचा तपशील गेमच्याच करिअरच्या पानावर मिळतो. यात कुणाचं लॉगिन लागत नाही, कुणी रात्री किती वाजता खेळतो हे कळत नाही, आणि टीमला उपयोगी आकडे ट्रॅकरपेक्षा जास्त मिळतात.

ग्रुप, सर आणि कायदा

तो स्क्रीनशॉट गेला तो गेला. प्रोफाइल खासगी केल्यानं दुसऱ्यांच्या फोनमधला फोटो पुसला जात नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एकदा सांगून मेसेज काढायला लाव. अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, ‘तूच बघ तुझा केडी’ म्हणालास की पुढचे तीन दिवस तेच चालणार. उघड्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आणि एक टोमणा एवढ्यावर पोलिसांकडे जाण्यासारखं काही नाही. मात्र कुणी तुझा पत्ता, क्लासची वेळ, फोटो टाकला, तुझ्या नावानं खातं काढलं किंवा धमकी दिली, तर गोष्ट वेगळी. मग स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेव, घरच्यांना घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर किंवा शहर पोलिसांकडे जा. पैसे किंवा यूपीआयचा मामला असेल तर लगेच १९३०, तिथे मिनिटं मोजली जातात.

सरांना काय सांगायचं? खरं. पहाटे दोनपर्यंत जागून सातच्या क्लासला बसलास तर झोप येणारच, आणि त्यात ट्रॅकरचा दोष नाही. स्क्रीनशॉट टाकणाऱ्याचं चुकलं म्हणून रात्री दीडला खेळणं बरोबर ठरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे : त्याचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी. भारतातल्या लोकांना सेवा देणारी परदेशी साइटही त्याच्या कक्षेत येते. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय माणसानं स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही, त्यामुळे होकार देऊन उघडलेल्या प्रोफाइलवर साइट हाच मुद्दा पुढे करू शकते. तरी विनंती पाठवायला काही जात नाही. साइटच्या प्रायव्हसी धोरणाच्या पानावर तळाशी ईमेल असतो. आपला रायट आयडी, प्रोफाइलची लिंक, वय १७, ‘मी दिलेली संमती मागे घेतो आहे, माझा डेटा काढून टाका आणि काढल्यावर कळवा’ एवढंच, ज्या ईमेलनं खातं आहे त्याच ईमेलवरून. ओळख पटवायला ते आधार मागत असतील तर देऊ नकोस. खात्यात लॉगिन करून दाखवणं त्यांना पुरायला हवं.

कॅप्टनला असा मेसेज टाकलास तरी चालेल : ‘एपीआय की देत नाही, तिच्यातून ट्रेड चोरीला जातात, तूही कुणाची घेऊ नको. ओव्हरले पप्पांच्या पीसीवर चालणार नाही. स्क्रिमचे, म्हणजे सराव सामन्यांचे, स्कोअरबोर्ड मी दर वेळी टाकतो, शीट मी भरून देतो.’ शीट भरायचं काम अंगावर घेतलंस की तो बहुतेक नाही म्हणणार नाही.

टूर्नामेंटवाले वयाचा पुरावा आणि पालकांची सही मागतील, तू सतराचा आहेस. आधारचा फोटो टीमच्या ग्रुपात टाकायचा नाही, कॅप्टननं मागितला तरी. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि तो थेट आयोजकांना दे. प्रिंट देत असशील तर तिच्यावर टूर्नामेंटचं नाव आणि तारीख पेनानं आडवी लिही.